रेघेची सुई, छटेची सुई

टॅटूची सुई आतून पोकळ असते आणि इंजेक्शनसारखी ती कातडीत शाई सोडते, अशी समजूत मला फार ठिकाणी भेटली. चांगली शिकलेली माणसंसुद्धा असंच धरून चालतात. प्रत्यक्षात ही सुई भरीव असते. शाईत बुडवली की टोकापाशी आणि शेजारशेजारच्या सुयांच्या फटींत शाई धरून राहते, जशी ती बोरूच्या टोकाशी राहायची. सुई कातडीत शिरते, बाहेर येते आणि पडलेल्या भोकातून शाई आत उतरते. कृती एवढीच. पण सुई एकटी असली तर काय होतं, तीन एकत्र बांधल्या तर काय, गोल जुडी केली तर काय आणि फणीसारख्या ओळीनं लावल्या तर काय, यात या कलेचा बराचसा इतिहास सामावला आहे. गोंदणाच्या चित्रांविषयी आणि त्यांच्या अर्थांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आज मला सुयांविषयी बोलायचं आहे.

आपल्या घरातलंच उदाहरण घेऊ. माझ्या आजीच्या डाव्या मनगटावर तुळस होती आणि हनवटीवर तीन ठिपके. ती सात-आठ वर्षांची असताना गोंदणारी बाई दारात आली, घरातल्या मोठ्या बायकांनी हिला धरून बसवलं आणि काम उरकलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा मुलींना विचारायची पद्धतच नव्हती. आजी सांगायची की बाईकडे तीन सुया होत्या, दोऱ्यानं घट्ट गुंडाळून एकत्र बांधलेल्या. दिव्याची काजळी कसल्याशा पाल्याच्या रसात खललेली. शेवटी वरून हळद. मजुरी म्हणून पसाभर जोंधळे. सोनंनाणं इथंच राहतं, मेल्यावर बरोबर गोंदण तेवढं येतं, ही समजूत आजीची होती तशी मध्य आणि उत्तर भारतातल्या कितीतरी बायकांचीही आहे.

आता ती तुळस कशी होती ते पाहा. वृंदावनाचा चौकोन, वर फांद्या, फांद्यांना पानं; सगळं ठिपक्यांचं. तीन सुया इतक्या जवळ बांधलेल्या की तिघींचा मिळून तिळाएवढा एकच ठिपका उठायचा आणि ठिपक्यापुढे ठिपका ठेवत रेघ व्हायची. रांगोळीशी तिचं नातं चटकन लक्षात येतं. पण पान भरलेलं नव्हतं. उजेडाची बाजू, सावलीची बाजू असा भेद कुठेच नव्हता. पुढे मी आपल्याकडची बरीच गोंदणं मुद्दाम निरखून पाहिली. त्यांत रेघ आहे, ठिपका आहे, छटा जवळजवळ नाही. हे कमीपणाचं लक्षण आहे असं मी मानत नाही. दोऱ्यानं बांधलेल्या तीन सुयांकडून जे उत्तम निघू शकतं, ते त्या बाया काढत होत्या.

सुया बदलल्या की चित्र का बदलतं, हे कळण्यासाठी कातडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. कातडीचा सगळ्यात वरचा थर सारखा झडत असतो आणि खालून नवा येत असतो. त्या थरात शाई राहिली तर काही आठवड्यांत ती निघून जाते. म्हणून ती त्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर पोचावी लागते. त्याहून खोल गेली तर हलक्या प्रतीच्या कागदावर शाई फुटते तशी रेघ फुटते, कडा निळसर धूसर होतात. योग्य जागी पोचलेले रंगाचे कण शरीरातल्या संरक्षक पेशी गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की या पेशी मरतात तेव्हा कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. म्हणजे आपण ज्याला कायमचं म्हणतो ते गोंदण एका पिढीच्या पेशींकडून दुसरीकडे सोपवलं जात असतं. आजीची तुळस म्हातारपणी पसरून हिरवी-निळी का झाली होती, याचं उत्तर मला त्यात थोडंफार मिळालं.

रेघ ओढायची तर सगळी टोकं जवळजवळ एकाच बिंदूत शिरायला हवीत, म्हणजे कड स्वच्छ येते. त्यासाठी सुया गोल आणि घट्ट बांधतात. छटेचं काम निराळं आहे. तिथे बोटभर जागा हळूहळू काळपट करत न्यायची असते आणि भोकं एकमेकांपासून सुटी पडायला हवी असतात. वर्तमानपत्रातलं छायाचित्र भिंगाखाली धरून पाहा. काळ्या शाईचेच ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ, आणि डोळ्याला मात्र राखाडी रंग दिसतो. कातडीवरची छटाही बरीचशी अशीच तयार होते. शाई पातळ केली की झालं शेडिंग, असं नवशिक्यांना वाटतं. पातळ शाईचा उपयोग होतो हे खरं, पण मुख्य काम ठिपक्यांमधल्या अंतराचं. रेघेच्या घट्ट जुडीनं जागा भरायला गेलं तर तीच तीच जागा पुनःपुन्हा टोचली जाते, कातडी सोलवटते, जाड खपली धरते आणि खपलीबरोबर शाईही पडते. मागे उरतो वण. उलट रुंद, पसरट सुईनं रेघ ओढली तर ती केसाळ दिसते. चुकीच्या सुईची किंमत कागदाला मोजावी लागत नाही, माणसाच्या अंगाला मोजावी लागते.

हा फरक माणसाला केव्हा कळला? १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओट्झी सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ खुणा आहेत, पण त्या साध्या रेघा आणि फुल्या. कातडी चिरून त्यात कोळसा भरला असावा, असं बरीच वर्षं मानलं जायचं. आजच्या माणसाच्या कातडीवर वेगवेगळ्या हत्यारांनी तशाच खुणा करून पाहिल्यावर अलीकडच्या संशोधकांचं मत एका टोकदार हत्यारानं टोचण्याच्या बाजूनं झुकलं आहे. एकच टोक, एकच काम.

सैबेरियातल्या अल्ताई पर्वतातलं प्रकरण मात्र थक्क करणारं आहे. तिथल्या पाझिरिक संस्कृतीतल्या भटक्या घोडेस्वारांची थडगी गोठलेल्या जमिनीत राहिल्यामुळे त्यांतली शरीरं कातडीसकट टिकली. त्यातली एक बाई मृत्यूच्या वेळी साधारण पन्नाशीची होती. तिला जाऊन दोन हजारांहून जास्त वर्षं झाली. तिची कातडी काळवंडल्यामुळे गोंदणं साध्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्फ्रारेड छायाचित्रं घेतली गेली आणि तिच्या हातांवर हरणावर झेपावणारे वाघ-बिबटे, काल्पनिक पशू लख्ख उमटले. अभ्यासकांच्या गटात स्वतः टॅटू काढणारा माणूसही होता, आणि त्यामुळेच एरवी निसटली असती अशी गोष्ट त्यांच्या हाती लागली. जाड, एकसारख्या रेघा अनेक टोकं एकत्र बांधलेल्या हत्यारानं काढल्या होत्या. बारीक तपशिलासाठी दुसरं, नाजूक टोकाचं हत्यार वापरलं होतं. शिवाय उजव्या हातावरचं काम डाव्यापेक्षा सफाईदार आहे. म्हणजे काढणारे दोघे असतील, किंवा एकाचाच हात मधल्या काळात तयार झाला असेल. त्या सुया मिळालेल्या नाहीत. त्यांनी कातडीवर ठेवलेल्या खुणांवरून त्या ओळखाव्या लागल्या.

‘टॅटू’ हा शब्द ज्या पॅसिफिक बेटांवरून आला, तिथे तर हत्यारांची वेगवेगळी नावंच आहेत. कॅप्टन कुकचं जहाज १७६९ साली ताहितीला होतं. त्याच्याबरोबरच्या जोसेफ बँक्सनं एका सुमारे बारा वर्षांच्या मुलीला गोंदताना पाहिलं आणि रोजनिशीत टिपून ठेवलं: तीसेक दातांचं रुंद हत्यार, वरून सपासप ठोके, प्रत्येक ठोक्याला रक्त. काही वेळ पोरगी निमूट बसली, मग ओरडू लागली, पण तिला धरून बसलेल्या बायकांनी सोडलं नाही. आजीची गोष्ट ऐकलेली असल्यामुळे हा उतारा मला नेहमी ओळखीचा वाटत आला आहे. शेजारच्या सामोआमध्ये ही फणी रानडुकराच्या सुळ्याची करत, ती कासवाच्या पाठीच्या तुकड्याला आणि मग लाकडी दांड्याला बांधत, आणि दुसऱ्या काठीनं दांड्यावर ठोकत. फणीला ‘औ’ म्हणतात. रेघांसाठी अरुंद औ, लहान खुणांसाठी त्याहून चिमुकला आणि मोठी जागा गच्च काळी भरण्यासाठी रुंद, पुष्कळ दातांचा ‘औ तापुलु’. सामोआच्या पुरुषांच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या गोंदणात जो सलग काळा रंग दिसतो, तो या रुंद फणीचा. पण हा भराव आहे, छटा नव्हे. काळ्यापासून फिकटापर्यंतचा उतार त्यात नसतो.

तो उतार साधला जपानी कारागिरांनी, आणि तो त्यांना सुचण्यामागे लाकडी ठशांच्या चित्रांचा मोठा हात आहे. १८२७ सालापासून उतागावा कुनियोशी या चित्रकारानं ‘सुइकोदेन’ या मूळच्या चिनी कथेतल्या बंडखोर वीरांची चित्रमालिका काढायला सुरुवात केली. त्यातल्या कित्येक वीरांच्या अंगभर ड्रॅगन, सिंह, फुलं गोंदलेली होती. एडो शहरातल्या आग विझवणाऱ्यांनी आणि अंगमेहनत करणाऱ्या लोकांनी ती चित्रं पाहिली आणि त्यांना तसंच अंग हवंसं वाटलं. मग ठसे कोरणाऱ्यांचीच भाषा गोंदणाऱ्यांनी घेतली. ‘होरू’ म्हणजे कोरणं. म्हणून हातानं गोंदण्याला ‘तेबोरी’ म्हणतात. बाह्यरेघ काढणं ते ‘सुजिबोरी’ आणि छटा भरणं ते ‘बोकाशी’. ठशांच्या चित्रांत आभाळाचा गडद निळा रंग खाली उतरत उतरत फिका होत जातो ना, त्यालाही बोकाशीच म्हणतात.

तेबोरीचं हत्यार म्हणजे बांबूचा दांडा आणि टोकाला रेशमी दोऱ्यानं बांधलेल्या सुया. सुजिबोरीसाठी थोड्या सुयांची घट्ट जुडी. बोकाशीसाठी सुया एकावर एक ओळींत पसरून बांधतात. कधी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, अंगठ्याचा टेकू करायचा आणि त्यावरून दांडा तिरका आत ढकलायचा. काही कारागीर सुई बाहेर काढताना किंचित वर उडवतात. हाताचा दाब आणि दोन टोचण्यांमधलं अंतर यांवर छटा कमीजास्त होते. आधी सगळी बाह्यरेघ पुरी करतात आणि पाठभर छटेचं काम पुढे महिनोन्‌महिने चालतं. माझ्या मते सुईच्या इतिहासातलं हे सगळ्यात उंच शिखर आहे, आणि तिथे वीज नव्हती.

१८७२ साली मेजी सरकारनं गोंदणावर बंदी आणली. पाश्चात्त्यांना आपण रानटी वाटू नये, ही चिंता त्यामागे होती. गंमत अशी की तेच पाश्चात्त्य योकोहामाला उतरले की गोंदून घेत. पुढे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्रानं १८८१ साली जपानमध्ये दंडावर ड्रॅगन काढून घेतला. देशी माणसाला मात्र चोरून जावं लागे. बंदी उठली १९४८ साली. त्यानंतरही टॅटू काढणं हे डॉक्टरचं काम आहे, परवान्याशिवाय करता येणार नाही, असा कायद्याचा अर्थ लावला जात होता; तो प्रश्न जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली टॅटूकारांच्या बाजूनं सोडवला.

विजेचं यंत्र आलं अमेरिकेत. एडिसननं १८७६ साली विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं होतं. कागदाला सेकंदाला पन्नासेक भोकं पाडायची आणि त्या कागदावरून शाई फिरवून प्रती काढायच्या, असं ते कचेरीच्या कामाचं साधन. न्यूयॉर्कमधल्या सॅम्युअल ओरायली या टॅटूकारानं तीच कल्पना कातडीकडे वळवली आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याला टॅटूच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्याच शहरातल्या चार्ली वॅग्नरनं १९०४ साली विद्युतचुंबकाच्या गुंडाळ्यांवर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. दारावरची जुनी विजेची घंटा ज्या तत्त्वावर खणखणते, त्याच तत्त्वावर त्यात सुई वरखाली होते. टॅटूकारांनी लवकरच दोन यंत्रं बाळगायला सुरुवात केली. रेघेचं यंत्र चपळ, आखूड धावेचं; छटेचं जरा संथ आणि ताकदीचं. एकाला लायनर म्हणायचं, दुसऱ्याला शेडर. यंत्रानं सगळं बदललं असं सांगण्याची पद्धत आहे, पण बदलला तो वेग. रेघेची सुई वेगळी आणि छटेची वेगळी, हे शहाणपण यंत्राच्या कितीतरी आधीचं. योकोहामाचे नामवंत कारागीर तिसरे होरियोशी यांनी बाह्यरेघेसाठी यंत्र पत्करलं आणि छटा मात्र हातानंच भरत राहिले, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो तुरुंगातून आला. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत मेक्सिकन वंशाच्या कैद्यांकडे सुया कुठल्या? गिटारची तार घासून टोकदार करायची, कॅसेट प्लेयरची मोटर काढून तिला जोडायची, आणि काळ्या शाईखेरीज दुसरा रंग नाही. त्या एका तारेनं त्यांनी रेघही काढली आणि पातळ शाईनं ठिपक्याला ठिपका लावत छटाही भरली. वेळ भरपूर होता. १९७५ साली पूर्व लॉस एंजेलिसमध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी दुकान काढलं आणि ही शैली तुरुंगाबाहेर आणून नीटस केली. पुढे तुरुंगात शिकलेला फ्रेडी नेग्रेटे त्यांना येऊन मिळाला. आज आपल्या शहरांतली पोरं दंडावर आईचा किंवा शिवाजी महाराजांचा हुबेहूब, काळ्या-करड्या रंगातला चेहरा काढून घेतात, त्या तंत्राची एक मुळी त्या कोठड्यांपर्यंत जाते.

सुयांची दुसरी बाजू रक्ताची आहे. न्यूयॉर्क शहरानं १९६१ साली टॅटू काढण्यावर बंदी घातली, ती ‘हिपॅटायटिस बी’ या काविळीच्या कारणावरून. सुया न बदलता एकामागून एक गिऱ्हाईक घेणं, एकाच बोळ्यानं सगळ्यांचं रक्त पुसणं, हे तेव्हाच्या दुकानांत सर्रास होतं. ज्या शहरात हे यंत्र जन्मलं, तिथेच ते ३६ वर्षं बेकायदा राहिलं. बंदी १९९७ साली उठली. आपल्या जत्रांतही बॅटरीवरचं यंत्र घेऊन बसलेला माणूस फडक्यानं सुई पुसून पुढच्या पोराचा हात पकडायचा, हे अनेकांनी पाहिलं असेल. दारात आलेली गोंदणारी बाई तेच करत होती, पण तिला जंतूंची माहिती असण्याचं कारण नव्हतं. आज ती सबब चालत नाही.

पूर्वी टॅटूकार सुया स्वतः निवडून, भिंगाखाली टोकं तपासून, दांडीला डाख देऊन जोडत. आता त्या जोडलेल्या, निर्जंतुक केलेल्या आणि एकदाच वापरायच्या अशा पाकिटात येतात, किंवा यंत्राला बसवायच्या प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये. पाकिटावर १२०७ आरएल असं काहीसं छापलेलं असतं. पहिले दोन आकडे जाडीचे: १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३०, ८ म्हणजे ०.२५. पुढचे दोन आकडे सुयांच्या संख्येचे, इथे सात. आरएल म्हणजे राउंड लायनर, रेघेची गोल घट्ट जुडी. आरएस असेल तर राउंड शेडर, थोडी सैल बांधलेली. एम म्हणजे मॅग्नम. यात सुया दोन ओळींत फणीसारख्या लावलेल्या असतात आणि मोठी छटा त्यानंच भरतात. मॅग्नमचा एक प्रकार मधोमध किंचित फुगीर असतो, म्हणजे कडेच्या सुया कातडीला ओरबाडत नाहीत. टोकाची निमुळती लांबीही पाहतात. लांब निमुळतं टोक लहान भोक पाडतं आणि शाई जपून सोडतं. आखूड टोक जास्त शाई देतं, पण हात चुकला तर इजाही जास्त.

तुमच्या घरातलं कुणी टॅटू काढायला निघालं असेल तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, मुदतीची तारीख वाचा, शाई बाटलीतून नव्या छोट्या कपात ओतली जाते का ते बघा. रेघ संपून छटा सुरू होताना सुई बदलली का, हेही विचारा. चांगला कारागीर या प्रश्नानं खूश होतो. आणि गोंदून घेतल्यावर आपल्याकडच्या रक्तपेढ्यांच्या नियमानुसार वर्षभर रक्तदान करता येत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.